नळामागचा डोंगर

कळंब्यात परदेशातून आलेल्या माणसाला पगाराआधी पाण्याबद्दल विचारतात. "तिकडं पाणी कसं हाय गं?" हा शेजारच्या काकूंचा पहिला प्रश्न. लेक द्यायची ती गावचं पाणी बघून, ही इकडची जुनी रीत. मी नैरोबीला नोकरीसाठी गेले असले तरी काकूंच्या लेखी ते माझं सासरच आहे. तिथं नळ रोज येतो का, घागर भरायला लांब जावं लागतं का, हे कळल्याशिवाय त्यांचा जीव खाली पडत नाही. हा प्रश्न मला फार शहाणा वाटतो. आंतरराष्ट्रीय शाळेत शिकवताना मी जे शिकले, त्यातलं बरंचसं या एका प्रश्नाचं उत्तर शोधताना शिकले.

कळंबा म्हटलं की बाहेरच्यांना मध्यवर्ती कारागृह आठवतं. आम्हाला मात्र तलाव. एकोणिसाव्या शतकात कोल्हापूर संस्थानानं तो शहराच्या पिण्यासाठी बांधला. कात्यायनीच्या डोंगरातले ओढे त्यात येतात. तिथून पाणी आपल्या उतारानं नळावाटे शहराकडं जाई आणि मंगळवार पेठेतल्या 'पाण्याच्या खजिन्या'त पोचे. त्याला पंप लागत नव्हता की वीज. आमचे गुरुजी पावसाळ्यात वर्ग सोडून आम्हाला बांधावर न्यायचे. छत्रीच्या टोकानं आधी डोंगर दाखवायचे, मग ओढे, मग पाणी, आणि शेवटी उलट्या दिशेला शहर. तेवढाच त्यांचा भूगोलाचा तास. मी भूगोलाची शिक्षिका झाले ती त्या बांधावर.

नैरोबीतला दिवस अंधारात सुरू होतो. विषुववृत्त जवळ, त्यामुळं वर्षभर सूर्य साडेसहाच्या आसपासच उगवतो, आणि शाळेच्या बसा त्याआधी निघतात, नाहीतर गर्दीत अडकतात. शहर समुद्रसपाटीपासून जवळजवळ 1700 मीटरवर, म्हणून जुलैत स्वेटर घालावा लागतो. शिक्षकांच्या खोलीत स्कॉटलंडचा गणिताचा सर, घानाच्या इंग्रजीच्या बाई, फिलिपिन्सची संगीतशिक्षिका आणि केनियाचे सहकारी एकाच किटलीतला चहा घेतात. दुपारच्या जेवणात चपाती असते, आणि केनियातली माणसं ती आपलीच मानून खातात. 1896 ते 1901 या काळात युगांडा रेल्वे बांधायला हिंदुस्थानातून हजारो मजूर नेले होते. त्या वेळेपासून आपली माणसं आणि आपलं खाणं तिथं रुजत गेलं.

बहुतेक करार दोन वर्षांचे. शिक्षक येतात-जातात तशी मुलंही. गिगिरी भागात संयुक्त राष्ट्रांचं मोठं केंद्र आहे आणि त्यांच्या पर्यावरण कार्यक्रमाचं मुख्यालयही तिथंच. आई-बापांची बदली झाली की मूल वर्गातून निघून जातं. या शाळांचा जन्मच अशा घरांसाठी झाला. 1924 साली जिनिव्हात राष्ट्रसंघाच्या आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी आंतरराष्ट्रीय शाळा निघाली. पुढं देश बदलला तरी शिक्षण तुटू नये म्हणून 1968 मध्ये तिथंच इंटरनॅशनल बॅकलॉरिएट हा सामाईक अभ्यासक्रम उभा राहिला. हेतू चांगला होता, आजही आहे. जून-जुलैत मात्र निरोपांचा आठवडा येतो, आणि नवव्या वर्षी तिसरा देश सोडणारं मूल रडतही नाही, फक्त दप्तर आवरतं. त्याची ती सफाई बघून पोटात कालवतं.

या मुलांना पाच विमानतळांचे नकाशे तोंडपाठ असतात, पण शाळेच्या फाटकाबाहेरची नदी कुठं जाते ते माहीत नसतं. यात त्यांचा दोष नाही. उंच भिंत, पहारेकरी, बंद काचांची बस आणि पुन्हा दुसरी उंच भिंत, असं त्यांचं शहर आम्ही मोठ्यांनी बेतून दिलेलं आहे. माझ्या मते आंतरराष्ट्रीय शाळांची सर्वांत मोठी उणीव ही भिंतच आहे. जग शिकवायचं आणि गाव मात्र दाखवायचं नाही, असं तिथं चालतं.

म्हणून दर वर्षी नव्या वर्गाला मी एकच काम देते. घरातल्या नळापासून पाणी जिथून येतं तिथपर्यंत मागं मागं रेघ काढा. बहुतेकांची रेघ गच्चीवरच्या टाकीपाशी थांबते. काहींची टँकरपाशी, कारण नैरोबीत पाणी वाटून-वाटून येतं आणि टँकरवाले रस्तोरस्ती दिसतात. मग आम्ही पुढं जातो. 1899 मध्ये रेल्वेनं डोंगर चढण्याआधी इथं तळ ठोकला, कारण इथं पाणी होतं. सुरुवातीला किकुयूच्या झऱ्यांवर भागलं. शहर वाढलं तशी रुइरू, सासुमुआ अशी धरणं आली. आज सर्वांत मोठा आधार थिका नदीवरच्या न्दाकाइनी धरणाचा. ते 1994 मध्ये पुरं झालं, आणि त्याचं पाणी येतं अॅबरडेअर डोंगरांच्या जंगलातून.

एकदा हे शिकवताना शाळेच्या बसच्या चालककाकांना वर्गात बोलावलं. ते मुरांगा जिल्ह्याचे, धरणाच्या बाजूचे. त्यांनी खडूनं डोंगर काढला, चहाचे मळे काढले, धरण काढलं आणि आपल्या आईचं घर काढलं. त्या घराला त्यांच्या लहानपणी नळ नव्हता. राजधानीला पाणी देणाऱ्या मुरांग्याची ही तक्रार जुनी आहे. मला आपल्याकडची म्हण आठवली, धरण उशाला अन् कोरड घशाला, आणि ती मी वर्गात मराठीतच म्हणून दाखवली. चालककाकांना अर्थ सांगितल्यावर त्यांनी मान हलवली. मुलं गप्प झाली होती. रोज आपल्याला शाळेत आणणाऱ्या माणसाच्या मुलखाचं पाणी आपण पितो, हे त्यांना प्रथमच कळत होतं.

अॅबरडेअरच्या त्याच मुलखातल्या वांगारी मथाई. त्यांनी आपल्या बालपणीच्या एका झाडाची गोष्ट लिहिली आहे. मुगुमो, म्हणजे आपल्या उंबराच्या कुळातलं झाड. ते देवाचं, त्याचं सरपण आणायचं नाही, असं त्यांच्या आईनं बजावलं होतं, आणि त्याच्याजवळून ओढा वाहायचा. पुढं झाडं गेली आणि ओढेही आटले. 1977 मध्ये त्यांनी ग्रीन बेल्ट चळवळ सुरू करून बायकांकडून झाडं लावून घेतली. 2004 मध्ये त्यांना नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. उंबराखाली पाणी असतं असं आमच्याकडचे म्हातारे सांगायचे. हे दोन्ही मी मुलांना एकाच तासात सांगते. उंबर कुठलाही असो, त्याच्याखालच्या पाण्याची काळजी एकच असते.

आता पैशाचं बोलू. चांगल्या पगारासाठी मी गेले, आणि घराचं कर्ज त्यातूनच फिटलं. पण मी ज्या मातीतून गेले, तिथं राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करण्याचा हुकूम काढला, आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठरवला. याच जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक 1964 ते 1966 च्या शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव होते. गारगोटीला मौनी विद्यापीठ उभं करून त्यांनी खेड्यातल्या शिक्षणाचं काम आधी आपल्याच मुलखात केलं. हा वारसा सांगणाऱ्या शिक्षिकेनं जगातल्या सुखवस्तू मुलांना शिकवावं, हे मला कधी कधी टोचतं. त्याचं उत्तर एवढंच सापडलं आहे की तिथं शिकलेलं इथं परत यायला हवं.

सत्राच्या शेवटच्या आठवड्यात मी नैरोबीतून पंचगंगेची राजाराम बंधाऱ्याजवळची पातळी बघू लागते. 39 फूट इशारा आणि 43 फूट धोका, हे आकडे कोल्हापूरकराला जन्मतारखेसारखे पाठ असतात. 2019 च्या ऑगस्टमधला आणि 2021 च्या जुलैमधला पूर कोणी विसरलेलं नाही. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि शहर तुटलं होतं. सत्र संपलं की विमानानं मुंबई, मग रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस. सकाळी रुकडी गेलं की सगळा डबा खिडकीशी येतो आणि पुलाखालची पंचगंगा किती चढली त्याचा अंदाज बांधतो. हे बघायचं कोणी कोणाला शिकवलेलं नाही.

आणि तरी आमच्याच गावातली मुलं आता टाकीपाशी थांबतात. 2023 च्या दिवाळीत काळम्मावाडी धरणाचं पाणी पन्नासहून अधिक किलोमीटरच्या थेट पाइपलाइननं शहरात आलं. वर्षानुवर्षांची मागणी पुरी झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण कळंब्याला विसरायचं कारण तिथंच मिळालं. तलावाभोवती घरं दाटली, सांडपाणी त्याच्या वाटेला लागलं, आणि सांडव्यावरून निघून शहरातून पंचगंगेला मिळणारी जयंती नदी आज नाला म्हणूनच ओळखली जाते. परवा भाचीला रेघ काढायला सांगितली. तिनं मोटर काढली, पाइप काढला, आणि विचारलं, "आत्या, याच्यामागं आणि काय असतं?"

म्हणून कोल्हापुरातल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. जुलै-ऑगस्टात पाऊस उघडला की एक दिवस वर्ग बांधावर आणा. आधी कात्यायनीचा डोंगर दाखवा, मग ओढे, मग तलाव, आणि तिथून जयंतीच्या कडेनं पंचगंगेपर्यंत चालत जा. लांबून येणाऱ्यांनाही संभाजीनगर एसटी स्टँडपासून तलाव जवळ आहे. नकाशे मी काढून ठेवले आहेत, आणि ऑगस्ट संपेपर्यंत मी गावातच आहे.