उदगीर टू रत्नागिरी, व्हाया मिरज

आमच्या लातूरवरून जो हायवे जातो ना, त्याला सगळे ‘रत्नागिरी-नागपूर’ म्हणतात. नागपूरला जाणारे पुष्कळ भेटतात. पण रत्नागिरीला निघालेला माणूस आमच्यापैकी एकानेही आजवर पाहिला नव्हता. रस्ता एकच, त्याच्या टोकाला समुद्र आहे हेही माहीत, तरी जायचं कोणाच्या डोक्यात येत नाही. आमच्याकडे हायवे पुण्याला जाण्यासाठी असतात, बॉस!

उदगीर कुठे आहे हे सांगणं हा आम्हा उदगीरकरांचा पुण्यातला पार्टटाइम जॉब आहे. लातूर जिल्हा, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. नाही कळलं? बरं, शाळेतला इतिहास आठवा. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी उदगीरला निजामाला हरवलं आणि पुढच्याच वर्षी पानिपत झालं. पानिपत सगळ्यांच्या लक्षात राहिलं, उदगीर पुस्तकातच राहिलं. २०२२ मध्ये ९५वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्या गावात भरलं, तेव्हा तीन दिवस आम्ही जाम फेमस होतो. मग पुन्हा ‘उदगीर म्हणजे नांदेडजवळ का?’ सुरू.

तर आम्ही चौघं, कॉलेजचा ग्रुप. एक आयटीवाला, हैदराबादला. एक मॅडम, पुण्यात बँकेत. मी पुण्यातच फ्रीलान्स जर्नलिस्ट, म्हणजे नेमकं काय ते घरच्यांना अजून समजलेलं नाही. आणि चौथा शेठ. शेठ आमच्यातला एकटाच असा, जो उदगीर सोडून कुठे गेला नाही. मोंढ्यात वडिलांची आडत आहे, ती सांभाळतो. गळ्यात तुळशीची माळ, खिशात दोन मोबाइल. गोव्याचा प्लॅन आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सहा वर्षं चालू होता आणि दर वर्षी तो शेठपाशी येऊन अडायचा. ‘मी माळकरी माणूस. गोव्यात जाऊन काय बघू, तुम्हाला?’ शेवटी २०२४ च्या डिसेंबरात मॅडमने नकाशा उघडला, हायवेवर बोट ठेवलं आणि ते सरळ पश्चिमेला नेलं. रत्नागिरी! चार दिवस, शेठची बोलेरो, डिझेल चौघांत.

खरं कारण मात्र वेगळं होतं. शेठच्या मामाने चाकणला एका गोदामात त्याच्यासाठी सुपरवायझरची नोकरी बघून ठेवली होती. एक जानेवारीपासून जॉइन व्हायचं. हो की नाही, ते त्याच आठवड्यात सांगायचं. शेठला नोकरीची हौस नव्हती. त्याला लग्न करायचं होतं. पाच स्थळं झाली होती आणि पाचही वेळा बोलणं एकाच साच्यातलं.

‘मुलगा काय करतो?’
‘आडत आहे घरची.’
‘कुठं?’
‘उदगीरला.’
‘बरं. कळवतो.’

ते कळवतो म्हणजे काय, हे लग्नाच्या वयाचं घरात कोणी असेल तर तुम्हाला सांगायला नको. पुण्यात पंधरा हजारांवर कॉट बेसिसवर राहणारा मुलगा चालतो, गावात चार खोल्यांचं घर असलेला चालत नाही. त्यात त्या वर्षी सोयाबीनने मोंढा गार पडलेला. हमीभाव ४८९२ आणि बाजारात चार हजारांच्या आसपास. भाव वाढेल म्हणून शेतकऱ्यांनी माल घरात ठेवलेला, शेठची उचल लोकांकडे अडकलेली. अशात घरचे सगळे मामाच्या बाजूने.

गुरुवारी पहाटे निघालो. लातूर, औसा, तुळजापूर, सोलापूर... उजाडेपर्यंत निम्मी गाडी झोपेत. मंगळवेढा, सांगोला मागे पडलं आणि दुपारी मिरज आलं. मिरजेत शेठने न विचारता गाडी बाजूला घेतली. चहाला नाही, स्टेशन बघायला.

तुम्हाला आठवत असेल, २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी गेलं होतं. ते इथून गेलं. पहिली गाडी दहा वाघिण्यांची, पाच लाख लिटर, १२ एप्रिलला पोचली. पुढे पन्नास वाघिण्यांच्या गाड्या धावल्या, एका खेपेत पंचवीस लाख लिटर. मी तेव्हा लातूरला बी.ए.च्या पहिल्या वर्षाला, हॉस्टेलवर. त्या उन्हाळ्यात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली होती, क्लासेसची मुलं बॅगा भरून गावी चालली होती आणि आम्ही मुली एका बादलीत केस धुण्याचं गणित मांडत होतो. गाडी आली त्या दिवशी टीव्हीवाल्यांचीच गर्दी जास्त. मिरज नावाचं गाव कुठे आहे हे मला त्या दिवशी कळलं. आता स्टेशनात बघण्यासारखं काही नव्हतं. शेठने प्लॅटफॉर्मवरच्या नळाला तोंड लावून पाणी प्यायलं, म्हणाला, ‘गोड हाय,’ आणि गाडीत येऊन बसला.

कोल्हापूरच्या पुढे मलकापूर, मग आंबा घाट. इथे मात्र कोणी झोपलं नाही. आमच्याकडे डोळ्यांना क्षितिजापर्यंत सपाट बघायची सवय, आणि इथे वळणावळणाला झाडं गाडीत घुसत होती. आयटीवाल्याने फोटो काढणं सोडून दिलं. त्याने काहीच न केलेलं आम्ही कॉलेजनंतर पहिल्यांदाच पाहिलं.

रत्नागिरीत पोचलो तेव्हा सूर्य बुडायला टेकला होता. बॅगा तशाच ठेवून मांडवीला धावलो. मांडवीची वाळू काळी आहे, आमच्या रानातल्या मातीसारखी. शेठ चपला हातात घेऊन पाण्याच्या कडेला गेला. मॅडम त्याच्याकडे कॅमेरा रोखून तयार, पहिल्यांदा समुद्र बघणाऱ्याचं एक्स्प्रेशन हवं ना! एक्स्प्रेशन काही आलं नाही. त्याने वाकून बोट बुडवलं, चाटून बघितलं.

‘एवढं पाणी,’ तो म्हणाला, ‘आन् एक टँकर भरत न्हाई.’

दुसरा दिवस टिपिकल साइटसीइंगचा. टिळक आळीतलं लोकमान्यांचं जन्मघर, १९३१ साली उभं राहिलेलं पतितपावन मंदिर, रत्नदुर्गावरची भगवती. रत्नदुर्गाला तीन बाजूंनी समुद्र आहे आणि संध्याकाळच्या उन्हात तिथून उठवत नाही, एवढं सांगून पुढे जाते. कारण मला सांगायचंय ते थिबा पॅलेसबद्दल.

थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि पुढच्या वर्षी त्याला कुटुंबासकट रत्नागिरीत आणून ठेवलं. हा तांबडा, उतरत्या छपरांचा वाडा तयार झाला १९१० मध्ये, आणि १९१६ मध्ये राजा इथेच वारला. म्हणजे तीस वर्षं वनवास आणि वाडा वाट्याला आला जेमतेम सहा वर्षं! राणी पुढे रंगूनला परत गेली. थोरल्या राजकन्येची मुलगी तूतू मात्र रत्नागिरीतच वाढली, इथेच तिचा संसार झाला आणि मराठी बोलत बोलत ती इथेच म्हातारी झाली. २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन थिबाच्या समाधीचं दर्शन घ्यायला मुद्दाम रत्नागिरीत आले होते.

वाड्याच्या लाकडी जिन्यावर आयटीवाल्याने हे सगळं मोबाइलवरून वाचून दाखवलं. शेठ बराच वेळ गप्प. मग म्हणाला, ‘राजाला धरून आणावं लागलं. मला तर मामा नुसता फोन करायलाय.’ आम्ही हसलो. तो हसला नाही.

आम्ही उतरलो होतो ते घरगुती होम-स्टे, आंब्याच्या बागेत. घरच्या काकूंचा हात काय सांगू! घावणे, काळ्या वाटाण्याची उसळ, कुळथाचं पिठलं, सोलकढी. शेठने सगळं संपवलं आणि हळूच विचारलं, ‘काकू, भाकरी कधी यायची?’ काकूंनी दुसऱ्या दिवशी तांदळाची केली. शेठच्या मते ती भाकरी नव्हे, पण मोठ्या मनाने चार खाल्ल्या.

जेवताना पाण्याचा विषय निघाला. आमचं ठरलेलं की मिलिमीटर काढायचे. आमच्याकडे वर्षाला आठशे-नऊशे, रत्नागिरीत तीन हजारांच्या वर. काकू म्हणाल्या, ‘पडतो खरा. राहतो कुठे? जांभा दगड, सगळा झिरपून आणि वाहून समुद्रात. मे महिन्यात वरच्या वाड्यांना टँकर लागतो हो.’ ताटावर चौघांचे हात थांबले. कोकणात टँकर? आम्हाला वाटायचं, टँकर हा मराठवाड्याचा पेटंट आहे.

पण खरा धक्का त्याच्या पुढे होता. थोरला मुलगा विरारला, धाकटा इथेच बाग आणि काजू बघतो. वय एकतीस. ‘त्याचं लग्न जमत नाही,’ काकू म्हणाल्या. ‘मुलीकडचे पहिलं विचारतात, मुलगा मुंबईला असतो ना? इथे आहे म्हटलं की कळवतो म्हणतात.’

शेठने हातातला घास ताटात ठेवला. ‘कळवतो म्हन्तात?’

‘कळवतो.’

त्या रात्री शेठ आणि धाकटा अंगणात बसले ते बारापर्यंत. आम्हाला बोलावलंच नाही.

शनिवारी पहाटे धाकट्याने आम्हाला मिरकरवाड्याला नेलं, मच्छी बंदरावर. मॅडमला आणि मला सुरमई दिसत होती, आयटीवाल्याला रील, आणि आमचा माळकरी शेठ नाकाला रुमाल लावून ‘गाडीत बसतो’ म्हणत होता. बोटी धक्क्याला लागत होत्या, बर्फ फुटत होता, बांगड्याच्या टोपल्या खाली उतरत होत्या. लिलाव सुरू झाला आणि शेठचा रुमाल खाली आला.

पाच मिनिटं तो फक्त ऐकत उभा होता. मग म्हणाला, ‘हा भाव पडतो आता.’ खरोखरच पडला! आम्ही चाट. ‘कसं कळलं बे तुला?’ तो बंदराच्या तोंडाकडे बोट दाखवून म्हणाला, ‘तिकडं बघ की. अजून दोन बोटी यायल्यात. आवक वाढली.’

त्यानंतर तासभर शेठ आमचा राहिला नाही. तो एका मासळीच्या व्यापाऱ्याला गाठून उभा. व्यापारी बोटीला आधी पैसे देतो, बोट माल त्यालाच घालते. म्हणजे उचलच की! डिझेल आणि बर्फाचा खर्च आधी वजा, मग मालकाचा, तांडेलाचा, खलाशांचा वाटा. खलाशी कोण, तर बरेचसे नेपाळचे; गावातली पोरं मुंबईला. शेठला सगळं नवीन होतं आणि सगळं पाठ होतं. एकच गोष्ट त्याला हलवून गेली. ‘आपला माल वखारीत थांबतो,’ परत येताना तो मला म्हणाला. ‘ह्यांना दुपारपर्यंत विकायलाच लागतंय. तरी रोज पहाटं येत्यात.’ मी सुरमईची पिशवी सांभाळत होते. उत्तर काय द्यायचं ते सुचलं नाही.

दुपारी आरे-वारेच्या रस्त्याने गणपतीपुळ्याला गेलो. एका वळणावर डोंगर, दोन्ही अंगांना समुद्र आणि मध्ये आपण. महाराष्ट्रात यापेक्षा देखणा रस्ता असला तर मला कळवा (खरोखर कळवा). तिथे शेठने पहिल्यांदा स्वतःहून मॅडमला फोटो काढायला सांगितला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, माळ वाऱ्यावर. ‘बायोडेटाला चालंल,’ म्हणाला.

रविवारी परत. काकूंनी वाटेसाठी घावणे बांधून दिले, धाकट्याने डिकीत पाच किलोचं एक खोकं ठेवलं. सांगोल्याच्या अलीकडे मामांचा फोन आला. शेठ गाडी चालवत होता म्हणून फोन स्पीकरवर, आम्ही तिघं श्वास रोखून.

‘काय ठरलं रं? साहेब विचारायलेत.’

‘मामा, उद्या मोंढा हाय. मंगळवारी सांगतो.’

फोन ठेवला. मॅडमने विचारलं, ‘मंगळवारी काय सांगणार?’ शेठ म्हणाला, बघू. मग पुढच्या ढाब्यावर थांबून त्याने उदगीरला एका किराणा दुकानदाराला फोन लावला. लागला.

‘अण्णा, काजू तुकडी काय भावानं घ्यायलाव सध्या? आन् तूरडाळ कोकणात पाठवायची म्हणलं तर ट्रकचं भाडं किती बसंल?’