कॉबलचा प्रवास

दोस्तांनो, आज आपण बोलिव्हियाला जाऊ या. सांताक्रूझ शहर मागं पडलं, की मातीचा रस्ता लागतो. दुतर्फा सोयाबीनची शेतं. एवढ्यात समोरून घोडीची बग्गी येते. हाकणारा मुलगा तुमच्याच वयाचा, डोक्यावर गवताची हॅट. पलीकडे शेतात ट्रॅक्टर चाललाय, पण त्याची चाकं लोखंडी! रबरी टायर लावले तर पोरं ट्रॅक्टर घेऊन शहरात पळतील, अशी इथल्या वडीलधाऱ्यांना धास्ती!

हे मेनोनाइट लोक. घरात बोलतात प्लाउटडीच. मुलाला विचारा, घोडीला काय म्हणतोस? तो म्हणेल, 'कॉबल'. शाळेच्या पुस्तकात मात्र शुद्ध जर्मन, तिथं ती 'श्टूटं' होते. बाजारात स्पॅनिश, तिथं 'येग्वा'. मग ही कॉबल कुठली?

त्यासाठी युरोपचा नकाशा उघडा. सोळाव्या शतकात नेदरलँड्समध्ये या पंथाच्या लोकांना पकडून जिवंत जाळत. बरेच जण जीव वाचवून पळाले ते थेट पोलंडच्या राज्यात, विस्तुला नदीच्या मुखाशी. आजचं ग्दान्स्क शहर आहे ना, त्याच्या आसपास. दलदल उपसून त्यांनी शेती केली. डच भाषेत घोडी म्हणजे 'मेरी'. पण तिथले जर्मन शेजारी पोलिश 'कोबिवा'वरून घोडीला 'कॉबल' म्हणत. पुढं या लोकांनी शेजाऱ्यांची बोलीच उचलली आणि मेरी गेली, कॉबल आली! (डुकराच्या नराला ते 'कूयल' म्हणतात. त्याचा भाऊबंद लिथुआनियन भाषेत सापडतो, 'कुइलिस'.)

पुढं प्रशियाचं राज्य आलं, जमिनी घेण्यावर बंधनं आली. १७८९ मध्ये काही कुटुंबं युक्रेनमध्ये नीपर नदीकाठी गेली. गंमत बघा, तिथले शेतकरी घोडीला म्हणत 'कोबिला'. म्हणजे कॉबलला तिची सख्खी बहीणच भेटली की!

तिथं सैन्यात भरतीची सक्ती होणार म्हणून १८७४ पासून अनेक जण कॅनडाला गेले. तिथं शाळेत इंग्रजीची सक्ती झाली, म्हणून १९२२ मध्ये काही मेक्सिकोला. आणि १९६७ मध्ये तिथूनही काही जण इथं, बोलिव्हियात. प्रत्येक वेळी घरदार सोडायचं, नवं रान साफ करायचं. कॉबल मात्र सोबत.

कॅनडात मागं राहिलेल्यांची बरीच नातवंडं आता इंग्रजी बोलतात आणि मोटारी चालवतात. त्यांना कॉबल लागतेच कशाला? इथल्या पोराला मात्र रोज सकाळी उठून तिला दाणावैरण घालावी लागते.