कौले चढण्यापूर्वी

धर्मग्रामात एखादे काम निघाले की मदतीचे हात पुष्कळ पुढे येतात. परंतु प्रत्येकाच्या मनातले काम निराळे असते, हे आम्हांस फार उशिरा उमगले. सभागृहाच्या डागडुजीची ही हकिकत. कौले फुटली होती, वाशांना वाळवी लागली होती. रविवारच्या ख्रिस्तयागानंतर आम्ही आवाहन केले, मंडळींनी होकार भरला आणि पुढच्याच आठवड्यात काम सुरू झाले. तरुणांना वाटले, आता बॅडमिंटनची सोय होणार. महिला मंडळाने स्वयंपाकघर गृहीत धरले. आमच्या मनात केवळ छप्पर होते. मेअखेर पैसा संपला, तेव्हा रंगमंच अर्धा, ओटा अर्धा आणि छप्पर उघडे! मृगाने काही आमची वाट पाहिली नाही.

पाणी गळले याचे दुःख थोडे. आमच्या एका वृद्ध सुतारबाबांनी मजुरी न घेता वासे बसवले होते. त्यांना न विचारताच कुणीतरी ते उतरवून लोखंडी नळ्या घातल्या. ‘‘फादर, माझं काम नक्की कोणतं, ते आधी सांगितलं असतंत तर बरं झालं असतं,’’ एवढेच ते बोलले. पुढे कित्येक महिने ते मिस्साला दिसले नाहीत. दोष कुणाचा, हे आम्ही मनोमन जाणून होतो.

अशा वेळी कामाआधी एक कागद करण्याची रीत व्यवस्थापनशास्त्रात आहे. त्यास ‘प्रोजेक्ट चार्टर’ म्हणतात. आपण सनद म्हणू. काय करायचे, काय करायचे नाही, पैसा किती, अंतिम शब्द कुणाचा, हे त्यात सर्वांनी मिळून लिहायचे.

आम्हां रत्नागिरीकरांच्या दारावरून रोज असे एक उदाहरण धावते. कोकण रेल्वे महामंडळ १९९० साली स्थापन झाले. जॉर्ज फर्नांडिस तेव्हा रेल्वेमंत्री होते आणि राजापूरचे खासदार मधू दंडवते अर्थमंत्री. वर्षानुवर्षे मागणी होती, पण भार कुणी किती उचलायचा हे ठरत नव्हते. ते आता आकड्यांत ठरले : भांडवलात रेल्वे मंत्रालय ५१ टक्के, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा व केरळ प्रत्येकी ६. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली काम झाले. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा खोदला गेला, पानवलचा उंच पूल उभा राहिला आणि जानेवारी १९९८ मध्ये सगळा मार्ग खुला झाला.

तथापि गोव्यात हेच काम अडले होते. दाट वस्तीतून आणि खाजण जमिनींतून मार्ग नेऊ नये, म्हणून लोक रस्त्यावर उतरले. चर्चशी संबंधित मंडळीही त्यांत होती. १९९३ साली केंद्राला तेथील काम काही काळ थांबवून न्यायमूर्ती ओझा यांचा आयोग नेमावा लागला. मार्ग कोणता बरोबर, या वादात आम्ही शिरत नाही. सरकारांची भागीदारी मात्र आधी ठरली होती. ज्यांच्या शेताच्या बांधावरून रूळ जायचे, त्यांना आपले म्हणणे मोर्चा काढून सांगावे लागले.

प्रेषितांच्या कृत्यांतील सहावा अध्याय आम्ही सेमिनरीत अनेकदा अभ्यासला होता. तो नीट कळला तो गळक्या सभागृहात बसून. ग्रीक भाषिक विधवांची रोजच्या वाटपात आबाळ होत होती. प्रेषितांनी सर्वांना बोलावले. प्रार्थना आणि वचनाची सेवा आपल्याकडे ठेवून वाटपासाठी सात जण निवडायला सांगितले. त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत! ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्याच माणसांच्या हाती काम गेले.

गेल्या वर्षी दफनभूमीचा गडगा पुन्हा बांधायचा ठरला. या वेळी चिरे आणण्यापूर्वी आम्ही एक पानी सनद लिहायला बसलो. ‘काय करायचे नाही’ या एका कलमावर तीन बैठका झाल्या. एका भगिनीने तर आम्हांसच विचारले, ‘‘फादर, मधेच तुमचं मन बदललं तर?’’ तेही कलम घातले : धर्मगुरूंनीसुद्धा परस्पर बदल करू नये. लिहिताना हात किंचित अडखळला, हे कबूल केले पाहिजे.

मग तो कागद घेऊन आम्ही सुतारबाबांच्या घरी गेलो. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. पेन मागून घेतले आणि तळाशी स्वतःच्या अक्षरात लिहिले : ‘फाटकाचे लाकूड मी पाहीन. मला विचारल्याशिवाय कुणी हात लावू नये.’ त्याखाली आम्ही सही केली.