जवळचा विमानतळ आणि दूरचे भाडे

मराठवाड्यातून हज यात्रेला निघालेल्या ज्या भाविकांनी २०२३ मध्ये मुंबईऐवजी छत्रपती संभाजीनगरचा चिकलठाणा विमानतळ निवडला, त्यांना मुंबईच्या यात्रेकरूंपेक्षा माणशी सुमारे ८८ हजार रुपये अधिक मोजावे लागले. मुंबईहून जाणाऱ्याचा एकूण खर्च तीन लाख पाच हजारांच्या आसपास होता, तर संभाजीनगरहून जाणाऱ्याचा तीन लाख ९२ हजारांच्या पुढे गेला. प्रस्तुत लेखकाच्या दौलताबाद येथील शेजारच्या एका वृद्ध दांपत्याने हा भुर्दंड सोसला. त्या काळात त्या घरात झालेल्या बोलण्याचे आणि कागदपत्रांच्या धावपळीचे लेखक साक्षीदार असल्याने, ही घटना त्यांच्या मनातून आजही गेलेली नाही.

या विमानतळाची पूर्वपीठिका सर्वज्ञात आहे. अजिंठा आणि वेरूळ येथील लेण्यांना १९८३ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पुढे या लेण्यांच्या संवर्धनासाठी आणि पर्यटनविकासासाठी जपानने दिलेल्या कर्जातून ज्या सुधारणा झाल्या, त्यांत विमानतळाचाही समावेश होता. मार्च २००९ मध्ये नवी इमारत खुली झाली, आणि त्याच सुमारास येथून हजची विमाने सुटू लागली. परदेशी जाणारी नियमित विमानसेवा मात्र येथे रुजली नाही. त्यामुळे सामान्य मराठवाडी माणसाच्या अनुभवात हा विमानतळ आंतरराष्ट्रीय ठरतो तो प्रामुख्याने हजच्या हंगामात.

हजच्या व्यवस्थेत ‘एम्बार्केशन पॉइंट’ म्हणून ओळखले जाणारे ठिकाण, म्हणजे ज्या विमानतळावरून यात्रेकरू सौदी अरेबियाला रवाना होतो ते प्रस्थानस्थान, अर्जदाराने अर्जातच पसंतीने लिहायचे असते. कोरोनाच्या काळात देशातील अशी ठिकाणे २१ वरून १० वर आणण्यात आली होती, आणि २०२३ मध्ये संभाजीनगर पुन्हा यादीत आले तेव्हा दौलताबाद, खुलताबाद, कन्नड या भागांतील वयस्कर माणसांना वाटलेला आनंद खरा होता. शेजारच्या चाचांनी मुंबईचा विचारही केला नाही. चाचींचे गुडघे दुखत असल्याने साडेतीनशे किलोमीटरचा रस्ता, मुंबईतला मुक्काम आणि तेथील गर्दी हे सारे टळेल, एवढाच हिशेब त्यांनी मांडला होता. पसंती फेब्रुवारी-मार्चमध्ये नोंदवली गेली, तर ठिकाणनिहाय अंतिम रक्कम मे महिन्यात समोर आली. दोघांचे मिळून पावणेदोन लाख रुपये अधिक भरायचे होते, तेही काही दिवसांच्या मुदतीत.

येथे अन्याय नेमका कोठे आहे हे स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण त्या वेळच्या चर्चेत तो मुद्दा बऱ्याचदा हरवला. भाडे जास्त असणे हा एक प्रश्न आहे. ते जास्त असणार हे निवडीच्या वेळी न सांगणे हा त्याहून वेगळा आणि अधिक गंभीर प्रश्न आहे. किंमत माहीत नसताना मागितलेली पसंती ही पसंती राहत नाही. हजसाठीचे सरकारी अनुदान २०१८ मध्ये पूर्णपणे बंद झाल्यानंतर विमानभाड्याचा प्रत्येक रुपया यात्रेकरूच्या गाठीचा असतो, आणि दौलताबादसारख्या गावात ही गाठ सीताफळाच्या बागेतून, एखाद्या गुंठ्याच्या विक्रीतून किंवा मुलांच्या पगारातून वर्षानुवर्षे बांधलेली असते. चाचांनी रक्कम पाहिली, तेव्हा त्यांनी संताप व्यक्त केला नाही. कागद पुन्हा वाचून घेतला आणि ‘दोघांचे एकत्र लिहिले आहेत का’ एवढेच विचारले. ती रक्कम एकाची होती. लेखकाने त्यांना तक्रार करण्याचा आणि मुंबईचा पर्याय मागण्याचा आग्रह केला. यात्रेची व्यवस्था पाहणाऱ्या यंत्रणेकडे विचारणाही झाली. परंतु ज्या यात्रेसाठी आयुष्यभर वाट पाहिली तिच्या तोंडावर वाद घालणे चाचांना रुचले नाही, आणि त्यांनी थोरल्या मुलाकडून हातउसने घेऊन पैसे भरले. कायद्याने भांडण्याची मुभा असणे आणि माणसाला ते भांडण परवडणे या दोन गोष्टींत केवढे अंतर असते, हे तेथे दिसून आले.

भाडेफरकाचे कारण मात्र केवळ कोणाच्या लोभात शोधणे योग्य ठरणार नाही. तीनशे-चारशे प्रवासी नेणारे रुंद धडाचे विमान, म्हणजे ज्यात आसनांच्या रांगांमध्ये दोन मार्ग असतात ते, जेथे उतरू शकते तेथे खर्च अधिक माणसांत वाटला जातो. जेथे केवळ एका मार्गाचे छोटे विमान चालते आणि यात्रेकरूही मोजकेच असतात, तेथे रिकाम्या परतफेरीचा भारसुद्धा त्या मोजक्यांवर पडतो. केरळमधील कोझिकोड येथे २०२० च्या अपघातानंतर रुंद धडाच्या विमानांवर निर्बंध आले, आणि २०२४ मध्ये तेथील हजचे भाडे शेजारच्या कन्नूरपेक्षा कितीतरी अधिक ठरले. तेथे त्याविरुद्ध मोठा आवाज उठला आणि काही कपातही झाली. मराठवाड्याचा आवाज तेवढा पोहोचत नाही, हे येथे नोंदवावेसे वाटते.

मोठी विमाने उतरावीत म्हणून चिकलठाण्याची धावपट्टी १२ हजार फुटांपर्यंत वाढवण्याची योजना दीर्घकाळ चर्चेत आहे, आणि धावपट्टीची लांबी ही केवळ सोयीची बाब नाही. २६ एप्रिल १९९३ रोजी येथून मुंबईकडे झेपावणारे इंडियन एअरलाइन्सचे विमान धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावरून जाणाऱ्या, कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकला धडकले, पुढे विजेच्या तारांत अडकून कोसळले, आणि विमानातील ११८ जणांपैकी ५५ जणांचा मृत्यू झाला; चौकशीत वैमानिकांनी विमान उशिरा उचलल्याचा आणि उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरील वाहतूक न रोखल्याचा, असे दोन्ही दोष नमूद झाले. मात्र विस्तारासाठी लागणारी जमीन चिकलठाणा, मुकुंदवाडी आणि मुर्तिजापूर येथील आहे, तेथे वस्ती आहे, आणि भाडे कमी व्हावे म्हणून विस्ताराची मागणी करणाऱ्याने त्या घरांचा मोबदला वेळेवर आणि पुरेसा मिळावा ही मागणीही तितक्याच आग्रहाने केली पाहिजे.

प्रवाशांची ही गत, तर मालाच्या बाबतीत दौलताबादची स्थिती अधिकच विचित्र आहे. गावालगत माळीवाडा येथे कंटेनर डेपो आहे. अशा डेपोला कोरडे बंदर म्हणतात, कारण समुद्र नसतानाही तेथे सीमाशुल्काची तपासणी होऊन सीलबंद कंटेनर रेल्वेने बंदराकडे रवाना होतात. कारखान्यांच्या मालाला ही सोय उत्तम आहे. पण चाचांच्या बागेतले सीताफळ सालीवरचे डोळे उघडल्यावर तोडले की दोन-चार दिवसांत पिकते, अतिथंडीत त्याची साल काळवंडते, आणि त्याला जहाजाचा वेळ परवडत नाही. त्याला विमानच हवे, आणि प्रवासी विमानाच्या पोटातली जागा विमाने वाढल्याशिवाय वाढत नाही. म्हणून दौलताबादच्या किल्ल्याखालच्या रस्त्यावर टोपल्या मांडून येणाऱ्या पर्यटकांना फळ विकणे हाच येथील बागायतदाराचा मुख्य आधार आहे.

एवढे सारे म्हटल्यानंतरही, जूनमध्ये चाचा-चाचींना निरोप देण्यासाठी निम्मी गल्ली जीपमध्ये बसून विमानतळावर गेली, तेव्हा लेखकाच्या मतात फरक पडला हे मान्य करावे लागेल. मुंबईला इतकी माणसे गेली नसती. शेजारणींनी चाचींचे हात हातात घेतले नसते. चालता न येणारी धाकटी बहीणही आली नसती. पावणेदोन लाख वाया गेले असे त्या दिवशी कोणी म्हणाले असते, तर ते पटले नसते. परत आल्यावर मात्र चाचांनी त्या वर्षीची बाग मक्त्याने दिली, हातउसने फेडण्यासाठी, आणि मक्ता नेहमीपेक्षा कमी भावाने गेला.