रचनाकाराचा कान

एखादं गाणं मनात घर करून बसलं की आपला पहिला प्रश्न असतो, हे कुणासाठी लिहिलं असेल? स्वतःच शब्द लिहून स्वतःच चाल लावणारा कलावंत मुलाखतीला बसला की हा प्रश्न हमखास येतो. गाण्यामागे एखादं आजारपण, एखादा वियोग, एखादा मृत्यू सापडला की आपलं समाधान होतं. गाण्याचं कोडं सुटल्यासारखं वाटतं. मला मात्र वाटतं की इथेच आपली चूक होते. गाणं रचणाऱ्याच्या आयुष्यात काय घडलं, यावरून त्याच्या गाण्याबद्दल फार थोडं कळतं. त्या काळात तो काय ऐकत होता, कसं ऐकत होता आणि ऐकलेल्यातलं कशापाशी थांबला, यावरून पुष्कळ कळतं. ज्याला आपण वैयक्तिक प्रेरणा म्हणतो ती बहुतेक वेळा रचनाकाराच्या दुःखापेक्षा त्याच्या कानात असते. हे पडताळून पाहायला कुमार गंधर्वांइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं दिसत नाही, कारण त्यांच्या आयुष्यात दुःखाची उणीव नव्हती आणि त्यांच्या रचनांचा उलगडा त्या दुःखावरून करण्याचा मोह आजवर अनेकांना झाला आहे.

कुमारांची कहाणी मराठी रसिकाला तोंडपाठ आहे. 1924 साली बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेला शिवपुत्र कोमकली हा मुलगा लहानपणीच थोरामोठ्यांच्या ध्वनिमुद्रिका जशाच्या तशा गाऊन दाखवत असे. त्याला ‘कुमार गंधर्व’ हे नाव मिळालं, मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे तालीम मिळाली, नाव झालं. 1947 साली, ऐन तेविशीत, क्षयाचं निदान झालं. कोरड्या हवेसाठी 1948 च्या जानेवारीत ते माळव्यातल्या देवासला गेले. पुढची जवळपास पाच वर्षं अंथरुणात गेली आणि त्यात गाण्याला डॉक्टरांची मनाई होती. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध तेव्हा नुकतंच मिळू लागलं होतं, त्यानं ते वाचले. बरे होऊन मैफलीत परतले तेव्हा त्यांच्यापाशी स्वतःचं असं गाणं होतं. पुढे नवे राग आले, ‘गीतवर्षा’सारखे ऋतूंवरचे कार्यक्रम आले, आणि 1965 साली मौज प्रकाशनानं त्यांच्या बंदिशींचा ‘अनूपरागविलास’ हा संग्रह काढला. ही हकीकत सांगताना आपण नकळत एक सूत्र मांडतो: आजार झाला, त्या वेदनेतून रचना झाली. सूत्र सुटसुटीत आहे, म्हणूनच ते तपासून पाहायला हवं.

क्षय त्या काळी हजारो तरुणांना होत होता. त्यांतले काही गवईही असतील. प्रत्येकाच्या खाटेवरून नवा राग उठला नाही. तेव्हा वेदनेतून रचना येते, एवढं म्हणून भागत नाही. या माणसाच्या बाबतीत त्या पाच वर्षांत नेमकं काय बदललं, हे पाहिलं पाहिजे. बदललं ते असं की कान आणि गळा यांची फारकत झाली. लहानपणापासून या मुलाच्या कानावर पडलेलं लगेच गळ्यातून बाहेर येत होतं. ऐकलं की उतरवलं, इतका तो रस्ता सरळ होता. ज्याला कुणाचंही गाणं हुबेहूब गाता येतं त्याला स्वतःचं गाणं रचण्याची निकड सहसा भासत नाही. आजारानं तो रस्ता बंद केला. आता ऐकलेलं गाऊन टाकण्याची सोय उरली नाही. ते मनात ठेवावं लागलं, उलटसुलट करून पाहावं लागलं. ही चाल अशीच का वळते, या सुरावर ती का टेकते, दुसरीकडे का जात नाही, हे प्रश्न गाता येत असताना पडले नसते. आजारपणानं कुमारांना गाण्याचा विषय दिला नाही. त्यानं ऐकण्याची सक्ती केली, आणि हा फरक माझ्या दृष्टीनं फार मोठा आहे.

आणि कानावर पडत काय होतं? देवास हे पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीचं संस्थान, गवई रजब अली खाँचं गाव. पण खाटेवरच्या माणसाला दरबार आणि मैफल दोन्ही दूर होती. जवळ होत्या त्या लग्नाच्या, बारशाच्या, सणावाराच्या गाण्यांनी रस्ता भरून टाकणाऱ्या बायका, आणि निर्गुणी पदं गात भिक्षा मागणारे नाथपंथी जोगी. माळवी बायकांच्या या गाण्यांची चाल बहुधा चारपाच सुरांत फिरते. एकच ओळ परतपरत येते, शब्द बदलतात, चाल तीच राहते. शास्त्रीय संगीताची सवय असलेल्या कानाला हे अपुरं वाटू शकतं. कुमारांना त्यात उलट काही दिसलं. सूर चारच असले तरी कोणत्या सुरावरून कुठे जायचं, कुठे रेंगाळायचं, कुठून झटकन खाली यायचं, हे त्या धुनेत पक्कं ठरलेलं असतं. राग तरी दुसरं काय असतो? नुसत्या आरोह-अवरोहानं राग होत नाही, तो चलनानं होतो. एकाच थाटाचे सूर घेऊन दोन राग वेगळे राहतात ते या चालीमुळेच. एखाद्या धुनेचं चलन माहितीतल्या कुठल्याच रागात बसत नसेल, तर तिच्या पोटात अजून नाव न मिळालेला राग आहे, असं म्हणायला आधार आहे. कुमारांनी शेकडो लोकधुना गोळा केल्या, त्यांचं स्वरलेखन केलं, आणि त्यांतून जे राग उभे केले त्यांना ‘धुनउगम राग’ म्हटलं. लगनगंधार, संजारी, मालवती, सहेली तोडी, मधसुरजा ही नावं त्या मालिकेतली. आता विचारावं, या रागांमागची प्रेरणा वैयक्तिक की परकी? सूर बायकांचे होते. पण त्या गल्लीतून रोज जाणाऱ्या-येणाऱ्या असंख्य माणसांत थांबलेला कान एकाचाच होता. माझ्या मते वैयक्तिक ते एवढंच, आणि तेवढं पुरेसं आहे.

यावर जाणकार पहिला आक्षेप घेतील तो शब्दांबद्दल. ते म्हणतील, ख्यालात शब्द निमित्तापुरते असतात. सूर टांगायला खुंटी लागते म्हणून बंदिश. शिवाय परंपरेनं विषय ठरवूनच दिले आहेत: सासू-नणंद, पनघट, पिया परदेशी, ऋतू, देवस्तुती. सदारंगांपासून प्रेमपिया म्हणजे फैयाझ खाँ, गुणीदास म्हणजे जगन्नाथबुवा पुरोहित यांच्यापर्यंत रचनाकार बंदिशीत फार तर आपली मुद्रा गुंफतो, आपलं आयुष्य गुंफत नाही. मग इथे वैयक्तिक प्रेरणेचा प्रश्न येतोच कुठून? आक्षेप अर्धा खरा आहे. पण मधसुरजातली कुमारांची बंदिश घ्या. तिच्यात बळी द्यायला नेलेलं मुकं जनावर देवीला आई म्हणून हाक मारतं आणि वाचव म्हणतं. सासू-नणंदेच्या शब्दकोशात हा विषय बसत नाही. देवासच्या मधोमध चामुंडा मातेची टेकडी आहे; तिथे देवी आणि तिचे नवस हा रोजच्या जगण्याचा भाग आहे. ज्याचं दुःख कुणी गाण्यालायक मानलं नव्हतं त्याची हाक रचनाकारानं ऐकली आणि तिच्यासाठी राग शोधला. गवई ही बंदिश घेतो तेव्हा ‘मां’ हा उच्चार सुरावर ठेवावाच लागतो. तो घाईनं उरकला तर बंदिश उरतच नाही. शब्द इथे खुंटी नाहीत, आलापाची दिशा तेच ठरवतात. कुणी म्हणेल, हे जनावर म्हणजे मृत्यूच्या दारात पाच वर्षं पडून राहिलेले कुमार स्वतःच. असेलही. पण बंदिशीचा अर्थ तेवढाच धरला तर आपण त्या जनावराला दुसऱ्यांदा गप्प करतो. रचनाकारानं स्वतःला बाजूला सारून दुसऱ्याची हाक पुढे केली. ऐकणाऱ्यानं ती पुन्हा त्याच्याच चरित्रात कोंबू नये.

दुसरा आक्षेप अधिक हळवा आहे, म्हणून त्याला जपून उत्तर द्यायला हवं. आजारपणाच्या वर्षांत ज्यांनी घर सांभाळलं, नोकरी केली, शुश्रूषा केली त्या पत्नी भानुमतीबाई 1961 साली दुसऱ्या मुलाच्या जन्मानंतर गेल्या. त्यानंतरच्या गाण्यात तो घाव उतरला नसेल, असं कोण म्हणेल? मीही म्हणत नाही. माणूस आपलं दुःख घराबाहेर ठेवून तंबोरा जुळवायला बसत नाही. माझं म्हणणं एवढंच की दुःख गाण्याला वजन देतं, आकार देत नाही. आकार येतो तो आधी साठवलेल्या चलनांतून, लयीच्या जाणिवेतून, शब्द कुठे तोडायचा याच्या अभ्यासातून. चार वर्षांनी आलेला ‘अनूपरागविलास’ रागांच्या क्रमानं लावलेला आणि स्वरलिपीसह छापलेला ग्रंथ आहे. त्याची मांडणी आयुष्यातल्या घटनांच्या क्रमानं नाही. दुसऱ्यानं उचलून गाव्यात अशा बंदिशी त्यानं हाती दिल्या आहेत. चरित्रावरून कला मोजण्याचा धोका फुफ्फुसाच्या गोष्टीत सर्वांत स्पष्ट दिसतो. कुमारांचे छोटे, अचानक उसळून थांबणारे स्वरसमूह म्हणजे निकामी फुफ्फुसाची मर्यादा, असं सर्रास सांगितलं जातं. शरीराची मर्यादा होती यात शंका नाही. पण त्याच गळ्यातून निर्गुणी पदांतली जोग्यांची लांब, दूरवर जाऊन टिकणारी फेकही निघत होती. कुठे तोडायचं आणि कुठे ताणायचं, हा निर्णय होता. निर्णयाला व्याधीचं नाव देणं हा कलावंतावर अन्याय आहे.

प्रेरणा आतूनच उचंबळून यावी लागते, ही समजूतही तपासून पाहण्यासारखी आहे. 1969 साली गांधीजींची जन्मशताब्दी झाली. त्या निमित्तानं कुमारांनी गांधी मल्हार हा राग बांधला. निमित्त बाहेरचं, तारीख ठरलेली, विषय साऱ्या देशाचा. खासगी असं त्यात काही नाही. तरी शोकाला रूढ असलेला एखादा राग न घेता पावसाचा राग गांधींसाठी निवडावा, आणि बंदिशीत त्यांच्या धीरोदात्तपणाला हाक मारावी, ही निवड दुसऱ्या कुणाची झाली नसती. निमित्त कुठूनही येवो. रचना वैयक्तिक ठरते ती निवडीमुळे.

यावर कुणी म्हणेल की हे ख्यालापुरतं ठीक आहे, आधुनिक गीतकार-गायकांचं काय? ते तर उघडउघड स्वतःचंच आयुष्य गातात. या पंथातलं सर्वांत ठळक नाव म्हणजे कॅनडाच्या जोनी मिचेल, आणि 1971 साली आलेला त्यांचा ‘ब्लू’ हा आल्बम आत्मकथनाचा नमुना मानला जातो. त्यातलं ‘लिटल ग्रीन’ हे गाणं त्यांनी 1965 साली जन्मलेल्या आणि पुढे दत्तक दिलेल्या मुलीसाठी लिहिलं. पण ही गोष्ट जगाला कळली ती 1990 च्या दशकात. म्हणजे वीस वर्षांहून अधिक काळ लोक ते गाणं मागचा प्रसंग माहीत नसताना ऐकत होते, आणि ते गाणं त्यांच्यापाशी टिकून राहिलं. प्रसंगावाचून जे उभं राहतं त्याचा आधार प्रसंग कसा असेल? मिचेल यांना नवव्या वर्षी पोलिओ झाला, डावा हात कमजोर राहिला, आणि नेहमीचे कॉर्ड धरणं जड जाई म्हणून त्यांनी गिटारच्या तारा वेगवेगळ्या तऱ्हेनं जुळवायला सुरुवात केली. त्या जुळणीतून जे स्वरमेळ निघाले ते दुसऱ्या कुणाच्या गिटारवर नव्हते. इथेही शरीराच्या अडचणीनं एक नेहमीचा रस्ता बंद केला आणि कानाला नवा शोधायला लावलं. देवासच्या खाटेपासून हे फार दूरचं नाही.

शेवटचा आक्षेप न्यायाचा आहे आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. रचनाकाराची प्रेरणा त्याच्या ऐकण्यात असेल, तर ज्यांचं ऐकलं त्यांचं काय? माळव्यातल्या त्या बायकांची नावं रसिकांना ठाऊक नाहीत. रागांवर नाव लागलं ते कुमारांचं. ही खंत रास्त आहे आणि तिचं पूर्ण निरसन होत नाही. मात्र कुमारांनी उगम लपवला नाही. रागांना धुनउगम म्हणून त्यांनी तो नावातच ठेवला, आणि माळव्याच्या लोकधुनांचा स्वतंत्र कार्यक्रम करून त्या धुना रागाच्या पोशाखाविना शहरी श्रोत्यांपुढे मांडल्या. उलट मूळ स्फूर्ती फक्त माझ्या अंतःकरणातली, असं जो कलावंत सांगतो तो आपलं सारं देणं पुसून टाकतो. प्रेरणा कानात असते हे मान्य केलं की ऋणही मान्य करावं लागतं. माझ्या भूमिकेच्या बाजूनं हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे असं मी समजतो.

आज मराठीत स्वतःची गाणी स्वतः लिहून, चाल लावून गाणारी तरुण मुलं-मुली पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यापुढेही तोच जुना प्रश्न ठेवला जातो: हे गाणं कुणावर? त्या प्रश्नामुळे त्यांना वाटू लागतं की चांगल्या गाण्यासाठी आधी आयुष्यात मोठं काही मोडावं लागतं. तसं काही नाही. मोडणं प्रत्येकाच्या वाट्याला येतंच, त्यासाठी थांबावं लागत नाही. थांबावं लागतं ते दुसऱ्याचा आवाज पुरता ऐकण्यासाठी. आपल्या गल्लीत, घरात, शेतात, लोकलच्या डब्यात जे गायलं जातं ते आधी ऐका, लिहून ठेवा, ते असंच का आहे याचा विचार करा. आणि रसिकांनो, पुढच्या वेळी एखाद्या रचनाकाराला भेटलात तर त्याच्या जखमेची चौकशी करू नका. हे रचताना तुम्ही कुणाचं काय ऐकत होता, एवढंच विचारा. त्याच्या गाण्यापर्यंत नेणारं उत्तर तिथेच मिळेल.