बोगद्यांची टिपणे

डॉकयार्ड रोड स्टेशनला खेटून भंडारवाड्याची टेकडी. वर जलाशय आणि जोसेफ बाप्टिस्टा उद्यान, खाली हार्बरचे रूळ. टेकडी इतकी जवळ, तरी रेल्वेने तिच्या पोटात बोगदा पाडला नाही. बाजूने वाट काढली आणि पुढे सँडहर्स्ट रोडपर्यंत रस्त्यांच्या वरून नेली. ३ फेब्रुवारी १९२५ला देशातली पहिली विजेची गाडी व्हीटीहून कुर्ल्याला गेली ती इथूनच.

०

बोगदा हा इंजिनिअरचा शेवटचा उपाय. आधी वळसा, मग भराव, मग डोंगर कापून खिंड. काहीच जमेना तर बोगदा. १ मे १८५४ला ठाणे-कल्याण मार्ग सुरू झाला तेव्हा पारसिकचा डोंगर आडवा होता. रूळ खाडीच्या काठाने वळवले, मुंब्र्याजवळ दोन आखूड बोगद्यांवर भागवले. डोंगर सरळ भेदणारा, साधारण १.३ किलोमीटरचा पारसिक बोगदा झाला १९१६ साली.

०

बोरघाटात अशी पळवाट नव्हती. जीआयपी रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांना सुमारे २५ किलोमीटरांत १,८३१ फूट चढायचे होते. त्यासाठी २५ बोगदे आणि ८ मोठे पूल लागले.

०

सह्याद्रीचा काळा पाषाण. हाती पहार, घण आणि सुरुंगाची दारू. नोबेलने डायनामाइटचे पेटंट घेतले १८६७ साली. घाट त्याआधीच चालू झालेला. एरवी लांब बोगद्यावर वरून विहिरी पाडतात, म्हणजे एकाच वेळी अनेक ठिकाणी खोदता येते. इथे वर उभा डोंगर, विहीर पाडणार कुठे? दोन्ही तोंडांकडूनच आत शिरायचे. काही ठिकाणी तर तोंडाशी पाय रोवायलाही जागा नव्हती. माणसे दोरांनी कड्यावरून खाली सोडली.

०

खंडाळ्याजवळ कड्यावर गाडी वळवण्याइतकी जागा नव्हती. म्हणून रिव्हर्सिंग स्टेशन. गाडी आत येई, इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडत, आणि गाडी आली तिकडे तोंड करून पुढचा चढ चढे. १९२९मध्ये नव्या बोगद्यांतून मार्ग काढला, तेव्हा हा खटाटोप संपला.

०

पहिला कंत्राटदार फॅव्हिएल. मजुरीच्या पैशांवरून १८५९च्या सुरुवातीला मजुरांनी दंगा केला. त्याच वर्षी त्याने काम सोडले. मग सॉलोमन ट्रेडवेल आला आणि काही आठवड्यांतच वारला. कंत्राट बुडू दिले नाही ते त्याच्या बायकोने, ॲलिस ट्रेडवेलने. जाणते इंजिनिअर नेमून तिने ते तडीस नेले. १८६१मध्ये घाटात ४२ हजारांवर माणसे राबत होती. पटकीने किती तरी नेली. बर्कलीही १८६२मध्ये गेले. २१ एप्रिल १८६३ला गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी घाट खुला केला. इतिहासात नावे राहिली ती साहेबांची आणि एका मडमेची; पहार चालवणाऱ्यांचा फक्त आकडा.

०

पुण्याची गाडी आजही कर्जतला थांबते ती नुसती वड्यासाठी नव्हे. मागे बँकर इंजिने लागतात. वाफ गेली, वीज आली, पण ३७ फुटांमागे एक फूट हा चढ कायम आहे. पुढचे इंजिन ओढते, मागची ढकलतात, तेव्हा कुठे लोणावळा येते.