कुंडीत सोपी, कड्यावर अवघड

पोहरादेवी, ता. मानोरा

चि. बाई,

तुझं पत्र आणि त्यातले फोटो मिळाले. जुन्नरकडच्या मैत्रिणीच्या बागेतून आणलेली कांडी कुंडीत रुजली, तिला पानं फुटली, आणि आता तू विचारतेस, 'मामा, हा दुर्मीळ कॅक्टस आपल्या टेकडीवर लावायचा का?' टेकडीवर नको. कारण सांगायला पानभर लागेल. शाळेतून निवृत्त झालो तरी मास्तरकी काही सुटलेली नाही.

आधी हे, की तो कॅक्टस नव्हे. कॅक्टसचं कूळ सगळं अमेरिका खंडांतलं. झाडांवर लोंबणारी ऱ्हिप्सालिसची एक जात तेवढी आफ्रिकेत आणि श्रीलंकेत आपसूक उगवते, बाकी जे दिसतं ते माणसाने नेलेलं. कॅक्टस ओळखायचा तो काट्यावरून नाही, काटा जिथून निघतो त्या बारीक लवदार गादीवरून. फड्या निवडुंगाच्या फडावर हे ठिपके स्पष्ट दिसतात. काटे तिथूनच येतात आणि फूलही तिथूनच. धुऱ्यावरच्या थोराला काटे आहेत, पण ही गादी नाही, आणि फांदी मोडली की दूध गळतं. तुझ्या कांडीला ना गादी, ना काटा.

तिचं नाव शिंदळ माकडी. निकोल डाल्झेल नावाचा स्कॉटिश वनस्पतितज्ज्ञ मुंबई इलाख्यात जंगलखात्यात होता. त्याने १८६०च्या दशकात तिचं वर्णन छापलं आणि तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून तिला फ्रेरिया इंडिका म्हटलं. अलीकडे ती बाउसेरोशिया फ्रेरी झाली आहे. साहेबाचं नाव मात्र दोन्हीकडे टिकलं! जगात ती फक्त महाराष्ट्रात, सह्याद्रीच्या आणि त्याच्या फाट्यांच्या कड्यांवर उगवते. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड ही त्यातली माहितीतली ठिकाणं. नात्याने ती रुईची. शनिवारी मारुतीला ज्या पानांची माळ घालतो, त्याच कुळातली.

आता तुझा फोटो बघ. बोटाएवढी जाड, गोल, राखाडी-हिरवी कांडी. नात्यातल्या बाकीच्या माकडशिंगांना चार-चार धारा असतात, हिला एकही नाही. आणि तिच्यावर चक्क पानं, मांसल, लांबट, हिरवीगार. या गोतातल्या इतरांची पानं खवल्याएवढी असतात किंवा उगवताच झडतात. अशी भरलेली पानं धरणारी ही एकटीच. दिवाळीनंतर, पाणी तुटलं की, ती पिवळी पडून गळतील. तेव्हा रोप मेलं म्हणून रडू नकोस आणि घाबरून पाणीही ओतू नकोस.

माझं मन या झाडावर बसलं ते याच पानांमुळे. लांगे आणि झुबर या शास्त्रज्ञांनी १९७७ साली दाखवून दिलं की हिचं पान एका रीतीने जगतं आणि खोड दुसऱ्या. पानाची रीत आपल्या सोयाबीनच्या पानाचीच: दिवसा छिद्रं उघडायची, हवेतला कार्बन डायऑक्साइड घ्यायचा आणि उन्हात लगेच वापरायचा. वाढ झपाट्याने होते, पण उघड्या छिद्रांतून पाणीही उडतं. खोडाची रीत निवडुंगाची. त्याची छिद्रं रात्री गारव्यात उघडतात, आत घेतलेला वायू आम्लाच्या रूपात साठतो, आणि दिवसा दारं लावून घेऊन तोच साठा उन्हात वापरला जातो. वाढ मंद, पण पाणी वाचतं. (ज्वारीची तऱ्हा तिसरीच आहे, ती पुन्हा कधीतरी.) म्हणजे चार महिने पानांनी कमवायचं आणि आठ महिने खोडाने काटकसर करायची, खरिपाचं धान्य कोठीत भरून उन्हाळा काढणाऱ्या आपल्या घरांसारखं.

बहुतेक कॅक्टसांनी पान कायमचं टाकून दिलं. हिने ते पावसाळ्यापुरतं राखलं. मला वाटतं, हे आपल्या मोसमी पावसाचं देणं आहे. जिथे पाऊस येईल की नाही याचीच खात्री नाही तिथे पानावर खर्च कोण करील? जिथे तो दर आषाढात येतो तिथे तो खर्च परवडतो.

फूल पावसाळा सरता सरता येतं. इंचभर, पाच पाकळ्यांची चांदणी. रंग गडद तांबूस, त्यावर पिवळे डाग, कडेला लव. या गोतातली फुलं माश्यांना बोलावतात, म्हणून असे मांसासारखे रंग. पराग सुटे उडत नाहीत. त्यांच्या दोन पिशव्या एका चिमट्याला जोडलेल्या असतात. चिमटा किड्याच्या अंगात अडकतो, आणि दुसऱ्या फुलाच्या नेमक्या फटीत पिशवी शिरली तरच बी धरतं. हे पाहायचं तर रुईचं फूल सुईने उकलून बघ, तिथे हा चिमटा मोठा आणि ठळक असतो. शेंगा जोडीने येतात, शिंगांसारख्या, आणि बियांना रेशमी केस असतात. वाऱ्यावर गेलेलं बी कड्याच्या फटीत पडलं, तिथे चिमूटभर माती असली, गुरांनी तोंड लावलं नाही आणि वणव्यात होरपळलं नाही, तर रोप होतं.

म्हणून ती दुर्मीळ आहे, आणि दुर्मीळ असूनही कुंडीत इतकी सोपी. कांडी खोचली की जगते. परदेशातल्या हौशी लोकांच्या काचघरांतही ती कितीतरी वर्षं आहे. पण एका झाडाच्या शंभर कांड्या लावल्या तरी ते एकच झाड राहतं, नवं रक्त बियांतूनच येतं. कमी पडते ती कड्यावरची बी ते रोप ही वाट. आपल्या टेकडीवर लावून ती वाट वाढत नाही.

तू म्हणशील, खडक तर तोच. खरं आहे, शिवनेरीचा कडा आणि आपली टेकडी एकाच काळ्या दगडाची. पण तो कडा उंचावरचा आणि पावसाळ्यात धुक्याने भिजलेला, आणि आपला मे महिना तुला ठाऊक आहे. शिवाय बाहेरचं झाड विचार न करता मोकळं सोडलं की काय होतं ते फड्या निवडुंगाने दाखवलंय. तो दक्षिणेत इतका माजला की १९२६ साली श्रीलंकेहून त्याच्यावर जगणारा कोशिनीलचा किडा आणून सोडावा लागला. माकडी काही माजणार नाही, पण सवय वाईट.

आणि एक साधी अडचण. इथे बंजारा समाजाच्या संत सेवालाल महाराजांच्या समाधीला रामनवमीला लोटणारी गर्दी तू पाहिली आहेस. ५ ऑक्टोबर २०२४ला नगाऱ्याच्या आकाराचं बंजारा विरासत संग्रहालय सुरू झाल्यापासून एरवीही लोक येतात. 'दुर्मीळ' म्हणून पाटी लावलीस, तर पुढच्या यात्रेपर्यंत कांडीचा तुकडाही उरणार नाही. गडावरही असेच हात पोचतात. तुझी कांडी बागेतली आहे म्हणून मी गप्प आहे. कड्यावरची कधी तोडू नकोस.

कुंडी दिवाळीला इकडे आण, ओसरीत ठेवू. मुरूम आणि जाड वाळू जास्त, शेणखत थोडं, खाली भोक मोकळं. पानं गळाली की पाणी जवळजवळ बंद. मे महिन्यात सावली. त्याआधी तिकडे पुण्यात तुझ्याकडेच फूल आलं, तर त्यावर कोणती माशी किती वाजता बसते ते वहीत लिहून ठेव, आणि चिमटा दिसेल असा जवळून फोटो काढून पाठव.

ताईला आणि दाजींना नमस्कार.

तुझा मामा